दारात काढलेल्या चपला

"...आणि गिऱ्हाईक चिडलं तर?" बाबांनी विचारलं.

"मी शांत राहीन. त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेईन आणि तोडगा सुचवीन," ऋतुजा एका दमात म्हणाली.

"तुझ्यातला अवगुण?"

"मी कामात जरा जास्तच बारकाईनं लक्ष घालते."

बाबा खो खो हसले. "हा अवगुण आमच्या मठात एकालाही नाही बघ."

ऋतुजा लिगाडे हसली नाही. हमरस्त्यावरच्या नव्या, भल्यामोठ्या दुकानात उद्या तिची मुलाखत होती. याआधी दोन ठिकाणी नकार आला होता. तिसरा आला की घरचे तिच्या लग्नाचं बघायला मोकळे, असं ठरूनच गेलं होतं. म्हणून तिनं झाडून सगळी उत्तरं पाठ केली होती. विट्याजवळच्या टेकडीवरच्या या मठात ती खरं तर आशीर्वादापुरतीच आली होती. पण निरंजनगिरी बाबांकडून आशीर्वाद असा सहजी सुटत नाही.

"अजून एक," बाबा म्हणाले. "एक म्हातारी येते. तुमची ती चकचकीत फरशी बघते आणि चपला दारातच काढते. तू काय करशील?"

"चपला घालून आत आलेलं चालतं, असं नम्रपणे सांगेन."

"सांग बघू."

बाबा उठले. उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलं. पायरीखाली जाऊन चपला घातल्या आणि कमरेत वाकून पुन्हा वर आले. उंबऱ्याशी चपला काढल्या.

"नमस्कार आजी! आपल्याकडे चपला काढायची गरज नसते."

म्हातारीनं ओशाळून आजूबाजूला पाहिलं. चपला उचलून काखेत मारल्या... आणि चालू लागली.

"काय झालं?"

"चार माणसांत तिची चूक काढलीस. गेली ती."

दुसऱ्या खेपेला ऋतुजा चपलांविषयी अवाक्षर बोलली नाही. तोंडभर हसून "या, या" म्हणाली. म्हातारी अंग चोरून आत आली, पण तिची मान सारखी दाराकडे वळत होती.

"आता काय?"

"चपला कुणी नेल्या तर? माझं लक्ष कुठलं तुझ्या साबणात!"

ऋतुजा वैतागली. "मग मी पण दुकानात माझे बूट काढते!"

"काढ. दोघी अनवाणी फिरू."

आता मात्र तिला रडू येईलसं वाटलं. थंडीची सकाळ होती आणि मठाच्या शहाबादी फरशीवर ती कधीची अनवाणी उभी होती. इथं उत्तर जमत नाही तर उद्या काय जमणार...

म्हातारी पुन्हा दारात आली. पुन्हा चपलांशी वाकली.

"ओ आज्जी, नका काढू!" ऋतुजा पुढं झाली. पाठ केलेलं सगळं ती विसरली होती. "फरशी लई गार हाय. माझंच पाय बधिर झाल्यात बघा."

म्हातारी थांबली. ऋतुजाच्या पायांकडे बघत राहिली...

"व्हय की गं बाई."

तिनं पाय चपलांत सरकवले, ऋतुजाचा हात धरला आणि थेट सभामंडपाच्या मध्यापर्यंत चालत आली.

"बाबा! मठात चपला!"

बाबांनी खाली पाहिलं. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"तू म्हणालीस, आले."

ऋतुजाला हसू फुटलं. ती नमस्काराला वाकली, आणि वाकता वाकताच तिला शंका आली.

"पण बाबा, मुलाखतीत हे कुणी विचारील का?"

"नाही."

"मग?"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हातारी येईलच की."