यादीतलं बत्तिसावं नाव

"किती मणी आहेत, सांग बरं?"

शलाकाने तिसऱ्यांदा विचारलं. समोर साडेपाच वर्षांची ठकू गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिने मण्यांकडे पाहिलं, शलाकाकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

शलाकाने कागदावर शून्य मांडलं.

ज्वारी निघालेल्या रानात मेंढपाळांचा तळ पडला होता. शेजारी घोंगडीवर भिवा गुरुजी बसले होते. चाळीस वर्षं अशा तळांमागे फिरून त्यांनी बालवाडी चालवली. शलाका त्यांच्याच हाताखाली शिकवायला शिकली, मग शहरात जाऊन मोठी पदवी घेऊन आली. कोळीवाडे, कातकरी पाडे, शहरातल्या वस्त्या आणि हे तळ... सगळीकडची मुलं पहिलीसाठी तयार आहेत का, हे मोजणारी एकच चाचणी तिने बेतली होती. उणी पडतील ती मुलं आणखी वर्षभर बालवाडीतच राहणार.

इथल्या बेचाळिसांतली एकतीस उणी पडली. ठकू एकतिसावी.

यादीवर गुरुजींची सही हवी होती. यादी संध्याकाळच्या आत तालुक्याला पोचवायची होती.

"सही करा, गुरुजी."

गुरुजी यादी वाचत राहिले...

"गुरुजी, उशीर होतोय."

"ही पोरं बोलकी आहेत गं," ते म्हणाले. "तुझ्यापुढंच का गप्प होतात?"

शलाकाचा आवाज चढला. "मोजलं नाही तर ही मुलं मागे आहेत हे कळणार कुणाला? तुम्ही चाळीस वर्षं माया लावलीत. दहावीला किती पोचली?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटलाच.

"तीन," गुरुजी म्हणाले.

त्यांनी यादी घोंगडीवर ठेवली.

मग गुरुजींनी आपला उजवा पंजा तिच्यापुढे धरला.

"बोटं किती?"

"...गुरुजी?"

"किती बोटं, सांग बरं?"

शलाकाचे कान तापले. तळावरच्या बायका हातातलं काम टाकून बघत होत्या.

"येत नाही का? नीट बघ. किती?"

शलाकाने मान फिरवली.

"गप्प का?"

"तुम्हाला माहीत आहे की! मग मला कशाला विचारता?"

गुरुजींनी तिच्या हातातलं पेन घेतलं. ठकूच्या नावाखाली सावकाश लिहिलं, शलाका. पुढे शून्य मांडलं. खाली ठरल्या जागी सही केली आणि यादी तिच्या हातात दिली.

"ही घे सही. ने."

शलाका कागदाकडे बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. कचेरीतून विचारत होते, यादी निघाली का?

"नाही," ती म्हणाली.

"मॅडम, आजची शेवटची तारीख आहे. साहेबांना काय सांगू?"

"सांगा, चाचणी चुकली. मुलं नाही, चाचणी. माझ्या नावावर लिहा."

तिने फोन ठेवला. वर्षभराची मेहनत होती ती. उद्या काय वाढून ठेवलंय, कुणास ठाऊक.

"मग मोजूच नको का, गुरुजी?"

"मोज की."

"कसं?"

"आधी बस जरा."

ती खाली बसली. घोंगडीवर नाही, ढेकळांत. विचारायला तिच्याकडे आता काहीच नव्हतं. ऊन कलंडलं. बायका कामाला लागल्या. ठकू मात्र हलली नाही. बऱ्याच वेळाने ती सरकत सरकत आली, शलाकाच्या चपलांना हात लावून पाहिला आणि मान वर केली.

"तुजी मेंढरं कुठं हायती?"

शलाका चपापली. नाहीत म्हणावं? आणि मग ही पुढचं विचारेल त्याचं काय?

"माझी... मी..."

तिने गुरुजींकडे पाहिलं.

"सांग की," गुरुजी म्हणाले. "ती काही लिहून घेत नाही."