दोन नोंदी आणि पालवमामा

"बुवा, दोनांतली कुठली नोंद ठेवू?"

श्रीरंगानं विचारलं तेव्हा मी मठाच्या ओसरीवर गुळवेलीचं पोतं उतरवत होतो. वीसेक वर्षं झाली. आमचा जडीबुटीचा धंदा तेव्हा एका टेम्पोवर चालायचा. आज तीन दुकानं आहेत, तिन्हीत संगणक आहेत. पण मठातल्यासारखा कोरा चहा काही पुन्हा मिळाला नाही.

केवलबुवा नाडी बघून औषध देत. एक दवाखाना घाटावर, मठात. दुसरा खाली बंदरावर. श्रीरंग त्यांचा शिकलेला शिष्य. त्यानं दोन्हीकडे संगणक बसवले होते. इथं लिहिलं की तिथं उमटायचं. मग वाऱ्यानं टेलिफोनची तार तुटली, आणि आठ दिवस दोन्ही संगणक आपापली नोंद ठेवत बसले. तार जुळली त्याच सकाळची ही गोष्ट.

"नोंद कुणाची?"

"एसटीवरच्या पालवमामांची. इथं लिहिलंय, झोप येते, चूर्ण बंद. खाली लिहिलंय, झोप येत नाही, चूर्ण दुप्पट."

"मग?"

"सोपं आहे. जी नंतरची, ती खरी. खालची नंतरची आहे, वरची पुसतो. दुप्पट पुड्या बांधूनसुद्धा झाल्या."

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. पालवमामा घाईनं आत आले.

"पुड्या द्या हो बुवा. चाळीस माणसं बसलीत गाडीत, घाट उतरायचाय."

"मामा, झोप कशी आहे?"

"गंमतच आहे! रात्री बंदरावर मुक्कामाला डोळ्याला डोळा लागत नाही. आणि सकाळची पुडी घेतली की घाटात स्टिअरिंगवर डुलकी!"

श्रीरंगाचा पुड्या घेऊन पुढं केलेला हात तसाच राहिला...

बुवांनी त्यातल्या सकाळच्या पुड्या काढून घेतल्या. रात्रीच्या तेवढ्या मामांना दिल्या. गाडी वळणाआड गेली.

"ते ठीक आहे बुवा," श्रीरंग अजून अडूनच होता, "पण संगणकात एकच नोंद राहते. दोनांतली खरी कुठली, ते सांगा."

बुवांनी त्याचे दोन्ही हात ओढून घेतले. दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली, डोळे मिटले...

माझा चहा निवून गेला.

"डावी वेगळं सांगते, उजवी वेगळं. बोल श्रीरंगा, कुठला हात तोडू?"