कुलपातली पोथी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचे नावही आता कोणाला आठवत नाही.

त्याच्या राज्यात गुरांचा एक वैद्य होता. आयुष्यभर गोठे हिंडून त्याने एक पोथी लिहिली. नकलनवीस तिच्या नकला न विचारता करून बाजारात विकू लागले. वैद्याचे नाव त्यांनी गाळलेच, पण घाईत औषधाचे प्रमाणही चुकवले. गुंजभर बचनागाच्या जागी तोळाभर लिहिले. बैल दगावले, आणि पोथी मुळात कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असल्याने शिव्या वैद्याला बसल्या.

त्याने राजाकडे दाद मागितली. राजाने हुकूम काढला, की खरी पोथी पेटीत कुलूपबंद राहील, किल्ली ठाणेदाराकडे असेल आणि यादीत नाव असेल त्यालाच ती वाचता येईल. वैद्याला बरे वाटले.

दोन वर्षांनी घटसर्पाची साथ आली. शेजारच्या गवळणीच्या सात म्हशींचे गळे सुजले. वैद्य आता थकला होता. औषध आठवत होते, प्रमाण आठवत नव्हते. बचनाग हे जहर. अंदाजाने कसे द्यावे? तो ठाण्यावर गेला.

ठाणेदार माणूस वाईट नव्हता. त्याने यादी दोनदा पाहिली. मग म्हणाला, "आजोबा, पोथी तुम्हीच लिहिलीत, ठाऊक आहे मला. पण वाचणाऱ्यांत तुमचं नाव नाही. राजधानीहून परवानगी आणा."

वैद्य चार दिवस चालत गेला, चार दिवस चालत आला. परवानगी मिळाली होती. पाय सोलवटले होते.

गवळण रिकाम्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. तिने बाजारातली नक्कल आणली होती. त्या नकलेला ना कुलूप होते, ना यादी. तिच्यात लिहिले होते तसे तिने तोळाभर दिले.

ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "खरी पोथी मिळत नव्हती, आजोबा. खोटी दारात आली."

वैद्य पुन्हा राजधानीची वाट चालला. या वेळी जास्त दिवस लागले.

"महाराज," तो म्हणाला, "मी चोराला आवरा म्हणालो होतो. चोर मोकळाच राहिला. अडली ती वाचणारी माणसं. त्यात मीही आलो."

राजाने कुलूप काढवले. वैद्याचे नाव आणि राजमुद्रा असलेली तपासलेली पोथी गावोगावच्या चावडीवर उघडी ठेवली. नक्कल करणाऱ्याने ती आधी तपासून घ्यावी आणि वैद्याला पायलीभर धान्य द्यावे, असे ठरले. काहींनी दिले, काहींनी बुडवले. पण खरी पोथी हाताशी आल्यावर खोटी घ्यायला कोणी जाईना.

पायली घरी येऊ लागली, तेव्हा वैद्याने तिच्यातले अर्धे धान्य गवळणीकडे पाठवले. तिने ते ठेवून घेतले. म्हशी मात्र तिने पुन्हा पाळल्या नाहीत.

जाणत्यांनी यातून एवढेच घ्यावे : चोराच्या भीतीने खऱ्याला कुलूप घातले, की खोट्याचा बाजार भरतो.