उशिरा येऊन पहिल्या सफेत

"मी सगळ्यांच्या नंतर येणार आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहणार! येत्या जुम्म्याच्या आत तोड काढ, नाहीतर मशिदीमागची खोली रिकामी कर!"

जहागीरदार शमशेरयार खान गरजले आणि मशिदीत बांग देणारे म्हातारे लालेमियाँ मान खाली घालून उभे राहिले.

त्याचं झालं असं. नमाजीला सफ धरायची, म्हणजे रांगेत उभं राहायचं, ते आल्या क्रमाने. आधी आला तो पुढे, मग तो कापूस पिंजणारा असो की परगण्याचा मालक. खानसाहेब मात्र अत्तर लावून, दाढी विंचरून, आरशाची परवानगी घेऊन निघेपर्यंत जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजीआधीचा खुतबा, इमामांचं प्रवचन, संपत आलेला असायचा. मग वाट्याला यायची शेवटची सफ, जोडे काढतात तिथली! मागच्या जुम्म्याला त्यांनी शक्कल लढवली. नोकराकरवी आपला रेशमी गालिचा आधीच पहिल्या सफेत अंथरून ठेवला. गावाला वाटलं, खानांनी मशिदीला गालिचा वाहिला! पिंजारी आणि कसाई त्यावर ऐसपैस उभे राहिले, आणि नमाज झाल्यावर सगळ्यांनी हात उचलून खानांच्या दानतीसाठी दुआ मागितली. आता तो परत मागायचा कोणत्या तोंडाने? सगळा राग निघाला लालेमियाँवर.

"तू बांगच लवकर देतोस!"

"हुजूर, वेळ सूर्यावर ठरते. त्याला मी काय सांगू?"

"त्याला काही सांगू नकोस, मला तोड सांग!"

लालेमियाँ घरी आले, झालं ते सांगितलं आणि भांडी बांधू लागले. त्यांची लेक खैरून भाकरी थापत होती. अब्बांचं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं पहाटे उठून गावाला जागं करणारा माणूस एका आळशाच्या हट्टापायी बेघर व्हायचा?

"अब्बा, भांडी परत मांडा. मी भेटून येते खानसाहेबांना."

"बेटी, तिथं भल्याभल्यांची बोबडी वळते!"

"वळू द्या की. मला नुसतं विचारायचंय. बोलायचं काम त्यांचंच."

सदरेवर खान हुक्का ओढत बसले होते आणि भोवती चार खुशमस्करे माना डोलावत होते. खैरूनने अदबीने सलाम केला.

"हुजूर, तोड निघेल. पण इच्छा नीट कळली पाहिजे. नमाज जुम्म्याचीच हवी का?"

"कोणतीही चालेल. गाव जमलेलं असलं म्हणजे झालं!"

"आणि आपण किती उशिरा येणार?"

"सगळे आल्यावर! आणि चालत येणार नाही. गुडघे दुखतात."

"खांद्यावरून आणू. आणि नमाजीआधी हातपाय धुवायला वजूचं पाणी?"

"शी! गार पाण्यात हात कोण घालणार?"

"मग अंघोळच घालू, दुसऱ्यांच्या हातांनी. तीही कोमट पाण्याने."

"वाहवा!" खान खुलले. "पोरगी हुशार आहे हो! आणि हे बघ, ते वाकणं, कपाळ टेकणं मला झेपत नाही. पोट आड येतं."

"वाकायचं काम नाही, हुजूर. आणखी काही?"

"लोकांनी माझ्याबद्दल चांगलं बोललं पाहिजे! एकानेसुद्धा कुरकूर करता कामा नये!"

"त्या दिवशी कोणी वाईट बोलणार नाही. मी उद्या माणूस घेऊन येते."

खुशमस्कऱ्यांनी टाळ्या पिटल्या. एकाने तर हे सारं आपल्याला आधीच सुचलं होतं, असंही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी खैरून आली ती भिवा सुताराला घेऊन. भिवाच्या हातात मापाची दोरी. त्याने खानांना रामराम घातला आणि म्हणाला, "सरकार, जरा आडवं व्हा."

खानांना वाटलं, पालखी होणार! ते आनंदाने गादीवर आडवे झाले. भिवाने डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी लावली. मग पोटापाशी रुंदी घेतली, मान हलवली आणि पुन्हा घेतली.

"चांदीचे गोंडे लाव हं," खान पडल्या पडल्या म्हणाले. "पण काय रे, पालखीत तर बसतात. आडवं माप कशाला?"

भिवाने खैरूनकडे पाहिलं.

"हुजूर," खैरून म्हणाली, "गावातल्या मयतांसाठी मशिदीत एक जनाजा ठेवलेलाच आहे, पण तो आपल्याला अरुंद पडेल. म्हणून नवा करून घेतेय."

खुशमस्कऱ्यांच्या माना डोलता डोलता थांबल्या.

"जनाजा?" खान ताडकन उठून बसले. "माझा?"

"आपणच तर सांगितलंत, हुजूर! सगळे जमल्यावर यायचं, चालायचं नाही, चौघांनी खांद्यावर आणायचं. अंघोळ दुसऱ्यांनी घालायची. सगळ्या सफा मागे आणि आपण पुढे. इमामसाहेबसुद्धा आपल्या मागे! जनाज्याच्या नमाजीत कोणालाच वाकावं लागत नाही, आणि त्या दिवशी गावात प्रत्येक जण आपलं चांगलंच बोलतो. बाकीच्या नमाजींत पुढे उभं राहायचं तर लवकर यावं लागतं, त्याला माझ्याकडे तोड नाही. दिवस तेवढा आपण सांगा. आम्ही गाव जमवतो!"

खानांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांचं पोट हळूहळू हलू लागलं. पाहता पाहता ते खो खो हसत सुटले! हसता हसता हुक्का कलंडला.

"शाबास, पोरी! खोली तुझ्या अब्बाची, कायमची! लिहून देतो. आणि तुला काय हवं?"

"मशिदीच्या विहिरीला रहाट द्या, हुजूर. म्हाताऱ्यांना वजूचं पाणी ओढताना धाप लागते."

"दिला! भिवा, आजच कामाला लाग, रहाट जुम्म्याच्या आत झाला पाहिजे!" खान डोळे पुसत म्हणाले. भिवा दोरी गुंडाळून वळला, तसे ते घाईघाईने ओरडले, "अरे, आणि ते दुसरं काम! त्याची मुळीच घाई नाही बरं का!"