रापलेला तळहात

"आणि तळहात? तो कसा रापला?"

भिवाबाबांच्या हातातली तीर्थाची पळी अधांतरी थांबली. अगदी डोळ्यांसमोर मकरंदने उजवा हात पसरला होता.

खाडीकाठच्या त्या मठाचा रिवाज साधा होता. अनुग्रह हवा असेल त्याने उन्हाळाभर मिठागरावर राबायचं. परतलेल्याला बाबा एरवी काही विचारत नसत. तीर्थ देत. तोच अनुग्रह.

मकरंदला ऊन सोसलं नाही. थोड्याच दिवसांत तो गुपचूप पुण्याला गेला आणि उन्हाळा पंख्याखाली काढला. माणूस हुशार, मलमं बनवणाऱ्या कारखान्यातला. परत येताना त्याने अंगभर रापल्याचा रंग आणणारं लोशन चोळलं. बाबांचा मोतीबिंदूही त्याने जमेस धरला होता. चोळून झाल्यावर हात धुवायचे तेवढे राहिले.

"मिठागरावरच्या माणसाचा तळहात रापत नाही रे."

मकरंदची मान खाली गेली.

"लोशन आहे, बाबा... ऊन नाही."

आता गाठोडं उचलायला सांगतील, असं त्याला वाटलं. बाबा पळी तांब्यात ठेवून पायरीवर टेकले.

"काय असतं त्यात?"

"साखरेच्या जातीचं एक द्रव्य. ते कातडीला लागलं की काही तासांत ती तपकिरी होते."

"पार आतपर्यंत?"

"नाही. वरचा मेलेला थर असतो, तेवढाच रंगतो. जिवंत कातडीला काही होत नाही."

"आणखी?"

"खोबरेल, कोरफड... कातडी मऊ राहावी म्हणून. आणि थोडा वरवरचा रंग, लावल्या लावल्या दिसावा म्हणून. तो पाण्याने जातो."

"उन्हापासून राखतं?"

"नाही, बाबा. माणूस रापलेला दिसतो, पण उन्हात गेला की भाजतोच."

"आणि मग?"

"आठवड्याभरात मेलेली कातडी झडते. तिच्याबरोबर रंगही जातो."

बाबांनी हात जोडले. कुणाला, ते मकरंदला कळलं नाही.

"बरं झालं पोरा, सगळं खरं सांगितलंस. फार दिवसांनी कुणी मला काही शिकवलं."

मकरंदला हुंदका आवरेना. तो हात मागे घेऊ लागला.

बाबांनी मनगट धरलं आणि पळीभर तीर्थ त्याच तपकिरी तळहातावर ओतलं.

"बाबा, हे कसं घेऊ? मी तर..."

"तहान लागली असेल. पाणी म्हणून पी."

तो प्यायला. जन्मात कुणाचे इतके उपकार वाटले नव्हते त्याला. बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्या डोक्याला गुंडाळलं.

"मी आत्ताच निघतो मिठागराकडे," तो म्हणाला.

"घाई नको. आधी मेलेलं झडू दे..."

बाबांनी रिकामी पळी तांब्यात ठेवली.

"मग जो उरेल, त्याला माझ्याकडे पाठव."