तामतळ्याचा पोकळ मजला

हॉलच्या कोनाड्यात ठेवलेली ती गोल लाकडी पेटी दिसते ना? येणारा प्रत्येक पाहुणा तिला ढोल समजतो. परवा तर एकाने वाजवूनसुद्धा पाहिली. तो ढोल नाही, बाबांनो. तो केकाचा मजला आहे, सगळ्यात खालचा. आज केक कापायच्या आधी नवऱ्याचा बाप बोटाच्या पेराने एकेक मजला ठोकून बघेल आणि सारा मांडव कान देऊन उभा राहील, तेव्हा हसू नका. त्या ठोकण्याला कारण आहे. जेवायला अजून अवकाश आहे, तोवर सांगतो.

मी सांतान. बँडात क्लॅरिनेट वाजवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे वसईकडचे केक माझ्याइतके जवळून कोणी पाहिले नसतील. वाजवणाऱ्यांना केकाशेजारीच उभं करतात, तुकडा मात्र शेवटी देतात. पांढऱ्या साखरेचे, खांबांवर उभे केलेले केक पाहिले. मग बदामाच्या आकाराचे आले. मग मधे कारंजं, दोन्हीकडे जिने आणि जिन्यांवर करवल्यांच्या बाहुल्या, असलं प्रकरण आलं. त्या कारंज्याचं निळं पाणी एकदा नवरीच्या झग्यावर उडालं होतं. आता म्हणे उघडा केक निघालाय, वर साखरच नाही. आमच्या वेळी असता तर लोकांनी बेकरीवाल्याला विचारलं असतं, बाबा रे, साखर संपली का? गेल्याच महिन्यात एक केक छताला उलटा टांगलेला पाहिला. फॅशनचं काय, आज आहे, उद्या नाही. पण तामतळ्यात हे ठोकणं आणि ही पेटी कधी सुटली नाही.

फार जुनी गोष्ट आहे. असं सांगतात, की तळ्याकाठच्या क्रुसाजवळ रेमेत नावाची मुलगी राहायची. तिचं लग्न गावातल्याच इनासशी ठरलेलं. इनास आगबोटीवर कोळसा टाकायच्या कामाला होता. बोटीवर त्याने कुणा साहेबाच्या लग्नाचा केक पाहिला होता आणि आपल्याही लग्नात तसाच आणू, असं तो रेमेतला सांगून पुढच्या फेरीला गेला. त्या पावसाळ्यात बोट बुडाल्याची बातमी आली. सगळ्यांनी आशा सोडली, रेमेतने सोडली नाही. क्रुसापुढे गुडघे टेकून ती म्हणाली, "माझा इनास परत येऊ दे. माझ्या लग्नाचा केक गावातल्या घराघरात पोचवीन. एक घर जरी राहिलं, तरी सासरचा उंबरा ओलांडायची नाही."

आणि इनास आला! वाळून काटकी झालेला, पण आला.

इनासचा बाप आंतोन मनाचा मोठा, पण मिरवायची त्याला भारी हौस. खाडीपलीकडच्या गावात तीनमजली केक आल्याचं त्याच्या कानावर होतं. त्याने मुंबईच्या केकवाल्याला बजावलं, "मला पाच मजले दिसले पाहिजेत." केकवाला शब्दाचा पक्का. दिसले पाहिजेत म्हणाला, खाल्ले पाहिजेत असं कुठे म्हणाला? त्याने चार मजले लाकडाचे केले, आतून पोकळ, त्यांवर साखर थापली आणि सगळ्यात वर एवढासा खरा केक ठेवला. शहरात तेव्हा तीच फॅशन होती म्हणे.

मचव्यातून आणि बैलगाडीतून छत्रीच्या सावलीत केक आला. तो बघायला गाव लोटला. आंतोन तर जमिनीवर चालतच नव्हता. रेमेतने आणि इनासने सुरी धरली आणि खालच्या मजल्यावर चालवली.

टक्क.

पुन्हा चालवली. पुन्हा टक्क. बँड थांबला. मागून कोणीतरी ओरडलं, "आंतोन, केक आणलास का कपाट?" मांडवात हशा पिकला. रेमेत तेवढी हसली नाही. ती पांढरीफटक पडली. वरचा केक आख्खा कापला तरी अर्ध्या गावालाही पुरणार नव्हता. वऱ्हाड घरी आलं, तशी ती सासरच्या दाराबाहेर उभी राहिली.

आंतोनच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरी, चूक माझी. तू आत ये."

"नवस माझा आहे, बाबा," रेमेत म्हणाली. "मी इथेच थांबते."

मग इनासने काय केलं, सगळ्यात मोठा मजला घेऊन उलटा केला. झाली टोपली. त्यात तो खरा केक कुस्करला, लाकडावरची साखर खरवडून त्यातच घातली आणि भावाला बरोबर घेऊन निघाला. जितकी घरं होतील तितकी. प्रत्येक घराने चिमूट चिमूट घेतली. पण आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. कोणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. मग ते केकवाल्याने फसवून दिलेलं लाकूड का असेना! कोणी त्यात नारळाच्या वड्या टाकल्या, कोणी मैद्याचे तळलेले फुगे, कोणी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. अर्ध्या वाटेत केक संपला. पुढच्या घरांनी साखर लागलेलं जे हाताला आलं ते खाल्लं आणि शहाण्यासारखी गप्प बसली. पेटीमागे आता अर्धं गाव चालत होतं, पाद्रीबाबासुद्धा.

शेवटचं घर तळ्यापलीकडे, फिलूबायचं. म्हातारी, दात एक नाही, सुकेळी विकून जगायची. ती काही गप्प बसणारी नव्हती. इनासचे पाय दारातच अडखळले. "आणा माझा केक," म्हणत तिने पेटीत हात घातला. हाताला आली सुकेळी, वर साखरेचा पापुद्रा चिकटलेला. तिने ती तोंडात टाकली आणि चघळत राहिली.

"काय रे," फिलूबाय म्हणाली, "मुंबईचा केक, मुंबईचा केक म्हणून केवढा बोभाटा! हा तर आपल्या सुकेळीसारखाच लागतो!"

लोक हसून हसून खाली बसले. इनासने भीतभीत पाद्रीबाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिने केक म्हणून खाल्लं आणि तिला गोड लागलं. देव काही चव बघायला येत नाही. चला."

पेटी परत आली तेव्हा ती उचलायला चौघे लागले. रेमेतने आत वाकून पाहिलं आणि इतका वेळ आवरलेलं रडू एकदम फुटलं. मग डोळे पुसून ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, बघा, तुमचा मजला भरला." आणि तिने उंबरा ओलांडला.

तेव्हापासून आमच्याकडे म्हणतात, खरा केक गप्प, पोकळ तो टक्क. माणसांनाही लावतो आम्ही ते.

आता मला सांगा, जन्मभर सुकेळी वाळवणाऱ्या बाईला स्वतःच्या हातची सुकेळी ओळखू आली नसेल? दात नव्हते, पण जीभ होती ना! दारात नवरी ताटकळलीय, हेही तिला ठाऊक असणार. मी तर म्हणतो, तिने पहिल्या घासालाच ओळखली.

फिलूबायच्या जागेवर आता चारमजली इमारत आहे आणि पेटी लिफ्टने वर जाते. तिथे सध्या भाड्याने राहणारी बाई परगावची आहे, पण आल्या आल्या शेजारणींनी तिला म्हातारीचं ते वाक्य शिकवलं. केक उघडा असो, कारंज्याचा असो की उलटा टांगलेला, आजही तामतळ्यात नवरी सासरच्या दाराबाहेर थांबते. पेटी घरोघर फिरून शेवटच्या दारात पोचते, आणि तिथलं माणूस तोंडात तुकडा टाकून, अजिबात न हसता म्हणतं, "हा तर आपल्या सुकेळीसारखाच लागतो!" मगच नवरी आत पाऊल टाकते.