वाळू बसेपर्यंत

“माझा दादा मला का रागावला नाही?”

एक तरुण भिक्षू जेतवन विहारात ज्याला त्याला हे एकच विचारीत असे. त्याच्या निष्काळजीपणाने भावाचे पिकलेले शेत जळाले होते. भाऊ एक शब्दही बोलला नाही, आणि महिन्याभरात तापाने गेला. शेवटी भिक्षूने शास्त्यांनाच, म्हणजे भगवंतांनाच विचारले. शास्ते म्हणाले, “हा प्रश्न तू पूर्वीही विचारला होतास. तेव्हाही तुला कोणी उत्तर दिले नव्हते.” आणि त्यांनी गतजन्मीची कथा सांगितली.

पूर्वी शूर्पारक बंदरावर अपरांताचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथून दिवसभराच्या वाटेवर, केतकग्राम नावाच्या कोळ्यांच्या वस्तीत जन्मला. त्याचे नाव भद्रक. आईबाप लवकर गेले. धाकट्या रोहकाला त्यानेच पेज भरवून वाढवले.

थंडीत कासविणी समुद्रातून पुळणीवर येत आणि वाळूत खड्डा करून अंडी घालीत. गावकरी ती उकरून बंदरात विकत. पुळणीमागच्या वाळूच्या टेकाडांवर वाळू धरून ठेवणारी मर्यादावेल पसरलेली असे, तीही सुकवून चुलीत घालीत. होता होता कासविणी थोड्या राहिल्या, उघडी टेकाडे वाऱ्याने उडू लागली, आणि विहिरींचे पाणी मचूळ झाले.

बोधिसत्त्व गावाला म्हणाला, “अंडं एकदाच विकता येतं. पिल्लं समुद्राकडे चालताना मात्र दरसाल दाखवता येतील.”

“आणि बघणार कोण?” शेजारची गोमाकाकी म्हणाली. “मी जन्मभर बघतेय. मला कोणी एक नारळ तरी दिला का?”

लोक हसले. बोधिसत्त्वही हसला. “बंदरात व्यापारी वाऱ्याची वाट बघत महिना महिना बसून असतात, काकी. तुझ्या हातचं कालवण मिळणार म्हटलं तर चालत येतील.”

“मग येतील,” गोमाकाकी म्हणाली.

खरोखरच आले. ते घराघरांत उतरत, तांदूळ आणि तेल देत, आणि जाताना प्रत्येक जण टेकाडावर मर्यादावेलीचा एक तुकडा आपल्या हाताने लावी. गावाच्या अंगणांत मावतील तेवढेच पाहुणे बोधिसत्त्व घेई. पिल्ले निघायच्या आधी तो नारळाची झावळी घेऊन घरट्यापासून पाण्यापर्यंतची वाळू सारखी करी. “आपलं पाऊल म्हणजे त्यांना विहीर,” तो म्हणे. आणि घरट्यावरची वाळू आपणहून खाली बसल्याशिवाय तिला कोणाचा हात लागू देत नसे. वाळू बसली म्हणजे पिल्ले खाली जागी झाली. नाही बसली, तर पाहुण्याने नुसती वाळू पाहून परत जायचे.

रोहकाला हे जमत नसे. मनाने तो लोण्यासारखा, पण डोक्यात आले की हात चालले. एकदा वसुमित्र नावाचा व्यापारी आपल्या सात वर्षांच्या मुलीला, मालेला घेऊन आला. माला तीन दिवस घरट्याभोवती बांधलेल्या दोरीपाशी बसून राहिली. चौथ्या दिवशी त्यांना गलबतासाठी बंदराकडे निघायचे होते. बोधिसत्त्व पाहुण्यांना खाडीपलीकडे सोडायला गेला होता. मालेचे रडणे रोहकाला बघवेना.

“चल, मी दाखवतो,” तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी त्याने घरटे उकरले.

अंडी नखाने सोलली तेव्हा आत पिल्ले होती. त्यांच्या पोटांना अजून पिवळा बलक चिकटलेला होता. दोन-चार हलली. मग तीही थांबली.

“ही झोपलीत का?” मालेने विचारले.

गाव जमले. कोणी रोहकाला शिव्या दिल्या, कोणी मारायला धावले. तेवढ्यात बोधिसत्त्व आला. त्याने आधी मुलीला पाणी पाजले. मग एकेक पिल्लू उचलून खांद्यावरच्या वस्त्रात ठेवले आणि टेकाडात पुरले. रोहक काठीच्या फटकाऱ्याची वाट पाहत उभा होता. बोधिसत्त्व हात झटकून उठला आणि म्हणाला, “पुढचं घरटं उद्यापासून तुझं. चल, भूक लागली.”

त्या रात्रीही तो रागावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या महिन्यात खाडीत होडी उलटली. बोधिसत्त्वाने तीन पाहुण्यांना काठाला लावले, चौथ्यासाठी तो परत फिरला, आणि आला नाही.

रोहक घरोघर विचारीत सुटला, “दादा मला का रागावला नाही?”

“मला विचारून गेला होय तो?” गोमाकाकी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत तिने त्याच्यापुढे पेज ठेवली.

पेज तशीच ठेवून तो टेकाडावर गेला. या पाहुण्यांपायी दादा गेला, म्हणून त्यांनी लावलेली वेल तो मुठी भरभरून उपटू लागला. गोमाकाकी मागून आली. “उपट. पण मुळं लागलीत त्यांना. दिवसभर पुरेल तुला.”

हातांतून रक्त आले तेव्हा तो थांबला. आषाढात वादळ झाले, समुद्र टेकाडांवर चढून आला. शेजारच्या गावांच्या विहिरी खारट झाल्या. केतकग्रामचे टेकाड टिकले. पाणी शिरले ते एकाच जागी, रोहकाने वेल उपटली होती तिथून. वादळ ओसरल्यावर त्याने तिथे स्वतः वेल लावली.

पुढच्या थंडीत वसुमित्र राजाच्या अमात्याला घेऊन आला. मालाही आली. अमात्याने पिल्ले चालताना पाहिली, तर राजाला सांगून साऱ्या किनाऱ्यावर अंडी विकण्यास बंदी तो करवणार होता. पण भरतीबरोबर त्याला निघायचे होते, आणि वाळू बसलेली नव्हती.

“रोहका,” गोमाकाकी कानाशी म्हणाली, “एका घरट्यानं किनारा वाचत असेल, तर उकर बाबा.”

रोहक घरट्यापुढे मांडी घालून बसला. “गेल्या साली मी उकरलं होतं,” तो अमात्याला म्हणाला. “या मुलीनं पाहिलंय. एकही जगलं नाही.”

“मग राजाला काय सांगू?”

“वाळू बसली नव्हती, असं सांगा.”

अमात्याने टेकाडावर वेलीचा तुकडा लावला आणि तो गेला. राजाला त्याने तेवढेच सांगितले. राजा म्हणाला, “जे कोळी माझ्या अमात्यालाही नुसती वाळू दाखवून परत पाठवतात, त्यांच्या रीतीनेच किनारा राखा.” आणि त्याने बंदी केली.

एवढे सांगून शास्ते म्हणाले, “तेव्हाची गोमाकाकी म्हणजे आज विहारात पेज रांधणारी म्हातारी. माला म्हणजे रोज फुले आणणारी माळ्याची मुलगी. रोहक तूच होतास, आणि भद्रक मी. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याच हाती पुढचे घरटे देणे, यालाच क्षांती, क्षमा आणि धीर, म्हणतात.”

“पण भन्ते, त्याला उत्तर मिळाले का?” भिक्षूने विचारले.

“नाही,” शास्ते म्हणाले. “अमात्य गेल्याच्या दुसऱ्या पहाटे वाळू बसली. पाहायला गाव होते आणि वडिलांकडे हट्ट करून राहिलेली माला. पिल्ले एकामागे एक वर आली. ‘ही झोपलेली नाहीत,’ माला म्हणाली. रोहक दादाची झावळी घेऊन, त्यांच्याकडे तोंड करून मागे मागे सरकत राहिला, लोकांची पावले पुसत, समुद्रापर्यंत. मग पाण्यात उभा राहून तो वाकला, आणि वाळूत उमटलेले आपले शेवटचे पाऊलही त्याने हाताने सारखे केले.”